तीनचाकी ट्रक आणि माझा आठवडा

सोमवार, १० नोव्हेंबर. सकाळी ७.३०
सुमती काल कल्याणला गेली, आनंदाकडे, म्हणजे तिच्या भावाकडे. कारण फालतू. मी एवढंच म्हणालो, की तीन पोरांचं पाळणाघर, त्यात दमायचं काय? ती म्हणाली, मग सांभाळा आठवडाभर. किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि गेली.
ठीक आहे. मोहने गावच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं लेबर ऑफिसर होतो. दोन-दोन युनियन एका टेबलावर बसवल्यात. शनिवारी तिनेच कबूल करावं, की यात दमण्यासारखं काही नाही.

दुपारी १२
मितेश अडीच वर्षांचा, समृद्धी तीनची, अपूर्व पावणेदोनचा. खेळण्यातले ट्रक चार. त्यातल्या एकाला तीनच चाकं. तिघांनाही तोच हवा.
इश्यू क्लिअर आहे. उद्या निकालात काढतो.

मंगळवार, ११
टाइमटेबल लावलं. ट्रक प्रत्येकी पंधरा मिनिटं. कुणालाच घड्याळ कळत नाही, हे प्लॅनिंगमध्ये राहून गेलं. अपूर्व मितेशला चावला. मितेश रडला. मग अपूर्वही रडला. समृद्धीला विचारलं, तू का रडतेस? म्हणाली, आता माझा नंबर.
दुपारी कुणी झोपलं नाही. मी तर नाहीच.

बुधवार, १२
जालीम उपाय. बाकीच्या तिन्ही ट्रकांचंही एकेक चाक काढून टाकलं. आता सगळे सारखे. तक्रारीला जागाच नाही.

अर्ध्या तासाने
काढलेल्या चाकांवरून भांडताहेत. चाकं तीन, पोरं तीन, तरीही. एक चाक अपूर्वच्या तोंडातून काढलं.

गुरुवार, १३
लेखी करार केला. ओढायचं नाही, चावायचं नाही, रडण्याआधी आजोबांना कळवायचं. वाचून दाखवला. समृद्धीने मान डोलावली. तिघांचे अंगठे घेतले. खुशीत चहा टाकायला गेलो. परत आलो तर भिंत निळी, फ्रिज निळा, अपूर्वचे दोन्ही गाल निळे.
संध्याकाळी त्याची आई, प्राची, न्यायला आली. चिडली नाही. फक्त विचारलं, काकू कधी येणार? नाहीतर सोमवारपासून दुसरं पाळणाघर बघते. मी म्हणालो, एव्हरीथिंग अंडर कंट्रोल. शाई जाते दोन आंघोळींत.
सुमतीला फोन केला. साखरेचा डबा कुठे ठेवलायस विचारलं. डबा समोरच होता. ती म्हणाली, दमलात का? मी म्हणालो, छे!

शुक्रवार, १४. सकाळी ११
कठोर निर्णय. मूळचा तीनचाकी ट्रक जप्त. कपाटावर ठेवला.

११.२०
मितेश कपाटाखाली बसून फक्त 'टक' म्हणतोय. वीस मिनिटं. माझं डोकं भणभणलंय.

११.४५
ट्रक खाली काढून दिला. अपूर्वही हात पसरून आला, म्हणून परत मागितला. मितेश देईना. मी ओढला. त्याने ओढला. मी ओरडलो, माझा आहे, मी आणलाय! ट्रकचे दोन तुकडे झाले. मोठा माझ्याकडे आला.
मितेश भोकाड पसरून रडला. मला पण रडायला येत होतं.

१२.१०
कल्याणला फोन केला. साखरेचं काही बोललो नाही. ये, म्हणालो.

शनिवार, १५
सुमती साडेआठला आली. प्राचीने अपूर्वला तिच्याकडे दिलं आणि सोमवारचं काही न बोलता ऑफिसला गेली. तिन्ही पोरं सुमतीच्या साडीला लटकली. तिने तुटका ट्रक उचलून विचारलं, भांडण कोणी केलं? समृद्धीने माझ्याकडे बोट दाखवलं. मितेशनेही. अपूर्वला अजून बोलता येत नाही, पण त्याचंही बोट इकडेच.
इथला नियम आहे. ज्याने ओढलं, त्याने कान धरून सॉरी म्हणायचं. मी मितेशसमोर गुडघ्यांवर बसलो, कान धरले, सॉरी म्हणालो. त्याने ट्रकचा लहान तुकडा माझ्या मांडीवर ठेवला.
उठायला लागलो, तर सुमती तशीच समोर उभी. पोरंही बघत होती.
पुन्हा कान धरले. तिला म्हणालो, खूप दमायला होतं गं.