गणपतीचा रिकामा पाट

वरसे (रोहे), ऑक्टोबर १९९३

अखिलवरसेमंडलाधीश, चहाचक्रवर्ती, नूतनविधुर अस्मादिक आज जोह्याहून गणपतीचा पाट परत घेऊन आले. मूर्तीसाठी तो हिनेच तिथल्या मूर्तिकाराच्या कारखान्यात नेऊन ठेवला होता. श्रावणात ही गेली. यंदा मूर्ती आणली नाही, पाट तिथेच राहिला.

मूर्तिकाराची पत्नी भूकंपग्रस्तांसाठी पोह्यांची गोणी भरीत होती. "रिकामा पाट नेऊ नका, भाऊ," म्हणत तिने त्याच गोणीतले ओंजळभर पोहे पुडीत बांधून पाटावर ठेवले.

"अहो, हे तिकडच्यांचे!"

"मग? तुमचं घर काय उभं हाय?"

अस्मादिकांनी पुडीसकट पाट उचलला. एसटीत पाट उराशी धरून बसलो.

आता पाट समोर मांडून पोहे भिजवले आहेत. परंतु पाट डुगडुगतो. कागदाची घडी कोणत्या पायाखाली घालायची, हे हिलाच ठाऊक होते.