बाबांचा पुढचा दात आणि तुझी भेट

ती. सुआर्तनादादास,

बालीतल्या आपल्या गियान्यारहून धाकट्या सेरिनीचा नमस्कार. तुझी तब्येत उत्तम असणारच. समुद्राची हवा, जहाजावरचं आयतं जेवण, आणि घरची कटकट पार लांब. आम्हीही मजेत. फक्त बाबांचा पुढचा दात तुटला.

गेल्या सुट्टीत तू त्यांना ती वेपची नळी आणून दिलीस (केवढी ती माया) आणि म्हणालास, लवंगेच्या सिगारेटी सोडा, यात धूर नाही, म्हणजे दातांवर डाग नाहीत. लेक जहाजावर साहेबलोकांना कॉफी देतो, तेव्हा त्याला शास्त्र कळतंच, असं बाबांनी धरलं. तेव्हापासून आपल्या अंगणात आंब्याच्या वाफेचा घमघमाट, आणि आंब्याचं झाड एकही नाही. गावातल्या वयात आलेल्या पोरापोरींचे वरचे सहा दात रीतीप्रमाणे कानसून षड्रिपूंना आवर घालणारा माणूस एका हातात कानस आणि दुसऱ्या हातात सातवा रिपू घेऊन बसायला लागला.

हळूहळू दात पिवळे पडले, मग हिरड्यांजवळ खडूसारखे पांढरे ठिपके आले. बाबा म्हणाले, वय झालं. मग गालुंगानच्या सणाला भाजलेल्या डुकराची कुरकुरीत कातडी चावताना पुढच्या दाताचा टवका उडाला, तोही राईकाकूंच्या ताटात (त्या मुलाचे दात कधी कानसायचे ते ठरवायलाच आल्या होत्या). काकू फार सभ्य. मुहूर्त पुन्हा एकदा बघून घेते म्हणाल्या, आणि अजून बघतायत. त्यांच्यामागून निम्मं गाव मुहूर्त बघायला लागलं.

शेवटी मी बाबांना ओढत देनपसारला दातांच्या डॉक्टरिणीकडे नेलं. ती म्हणाली, धूर नसला म्हणून काय झालं, निकोटिननं दात पिवळे पडतातच. वाफेनं तोंड कोरडं होतं, दाताचं कवच जपणारी लाळ आटते, वर तो गोड चिकट थर, त्यानंच कवच कच्चं झालं असणार. मग तिनं सहज विचारलं, काका, तुम्ही काय करता? आयुष्यभर लोकांचे दात हाताळलेले आपले बाबा खाली बघत म्हणाले, "शेती."

मला हसू यायला हवं होतं. नाही आलं, दादा.

आता नळी कचऱ्यात गेली, दात भरून घेतला. बाबा दिवसभर पाणी पितात आणि कोंबड्यांवर खेकसतात. बाकी सगळं ठीक.

तुझी,
सेरिनी

ता. क. माझं लग्न ठरलंय, हे जहाजावर कळलं असेलच. त्याआधी माझे दात कानसायला हवेत, आणि बाबा म्हणतात थोरल्याचे झाल्याशिवाय धाकटीचे नाहीत. तेव्हा सुट्टी काढ, नाहीतर मी इथेच म्हातारी होते.

ता. ता. क. व्हिडिओ कॉलवर हल्ली तू तोंडावर हात धरून हसतोस. मला वाटलं, जहाजावर शिकलेली रीत असेल. बाबांना नाही वाटलं. फोन ठेवल्यावर कानस पुसत म्हणाले, "तोही तसलीच नळी ओढत असणार. त्याचे दात सोसतील ना गं?" म्हणून तू आलास की आधी त्याच डॉक्टरिणीकडे जायचं. वडील काय करतात, हे ती तुलाही विचारेल. तिला सवयच आहे. खरं सांग, आणि जरा मोठ्यानं सांग. बाबा बाहेरच्या बाकावर बसलेले असतील.