विहिरीपलीकडे

तोंडवली, ता. मालवण, जि. रत्नागिरी
दि. १२ ऑक्टोबर १९६९

चि. बाळा यास,

अनेक आशीर्वाद. येथे सर्व ठीक. तुझी बोट मुंबईला केव्हाच लागली असेल असं धरून दादरच्या पत्त्यावर लिहितो. भात कापणीला आलं आहे. आपल्या जानकीला दुसरी मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.

तू आणलेल्या गाडीचं पातं मोडलं. नवं पाठवू नकोस.

अमेरिकेहून बापासाठी गवत कापायची गाडी वाडीत कुणाच्या मुलाने आणली नव्हती. वर बसायचं, कळ दाबायची, झाडांमधून फिरायचं. रात्रभर विजेला लावली की सकाळी तयार. पहिल्या दिवशी शेजारचा शिवा कुंपणाच्या गडग्यावर बसून ओरडला, "तात्यानू, मालवणचा तिकीट कितक्याक?" सगळे हसले. मीही हसलो. गवताचा भुगा होतो. त्याचा भारा बांधता येत नाही, गुरं तोंड लावत नाहीत. हे मी बोललो नाही. मुलाने हौसेने आणलं होतं.

निघताना तू सांगितलंस, "बाबा, विहिरीपलीकडे नेऊ नका. उतार आहे, गाडी उलटेल." तुझी आईही रोज तेच म्हणायची. मला ती तुमची काळजी वाटली. उजवा पाय गेल्यापासून दोन वर्षं मी विहिरीपलीकडे गेलो नव्हतो. तिथे उतार नाही हे मला ठाऊक होतं. तरी तू म्हणालास म्हणून मी माझ्याच आठवणीवर संशय घेतला.

मंगळवारी गेलो.

ही गाडी आवाज करत नाही. पेट्रोलची आणली असतीस तर तुझ्या आईने ऐकलं असतं आणि मला विहिरीशीच अडवलं असतं. तेवढा विचार तुला सुचला नाही.

आंब्याच्या कलमांमधून खाडीच्या बाजूला पोचलो. ऊन फार वाटलं म्हणून वर पाहिलं. वर नुसतं आभाळ. तिथली आपली तिन्ही फणसाची झाडं नव्हती. खाली झावळ्या पसरून ठेवल्या होत्या, नीट, एकावर एक. मी गाडी त्यांच्यावर घातली. खाली तोडलेला बुंधा होता.

गेल्या वर्षी तू लिहिलं होतंस, नव्या ब्लॉकची दारं फणसाची केली, पिवळीधमक आहेत, आपल्याकडचं लाकूड. ते पत्र मी देवळात वाचून दाखवलं. म्हटलं, मुलगा मुंबईत राहून गावचं लाकूड विसरला नाही. ऐकणाऱ्यांपैकी कुणी वर पाहिलं नाही. तेव्हा मला ते कळलं नाही. लाकडं भरलेली गाडी वाडीतूनच गेली असणार. सगळ्यांनी पाहिली असणार. मी त्या वेळी खोलीत पडून होतो.

मागितले असतेस तर दिले असते, असं मी लिहिणार नाही. कदाचित दिले नसते. म्हणून तर विचारायचं असतं.

पुढचंही लिहितो, नाहीतर दुसरं कुणी रंगवून सांगेल. गाडी हलेना. उतरायला गेलो तो पडलो. हाका मारल्या. ऊन उतरल्यावर शिवा आला. या वेळी त्याने थट्टा केली नाही. "तात्यानू, गळ्याक मिठी मारा. लाजू नकात," म्हणाला आणि पाठीवर घेऊन निघाला. सगळ्या वाडीदेखत मी त्याच्या पाठीवरून घरी आलो.

तुझी आई दारात होती. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "आपल्याच झिलाच्या दारांका लागले मां? परक्याच्या चुलीत नाय गेले."

"तुका म्हायत होतां?"

"तुमका सांगून काय करतलंय? तुमी थंय जावचे होतास काय?"

तेव्हापासून मी तिच्याशी बोललेलो नाही. ती पान वाढते, मी जेवतो. तिच्यावर राग आहे, पण तिचं एक वाक्य खरं आहे. मी तिथे पुन्हा जाणार नाही, या हिशेबानेच तुम्ही सगळे माझ्याशी वागलात. दोन वर्षं तुम्ही माझी प्रकृती विचारत होता, आणि मी उत्तर देत होतो.

दिवाळीला येशील तेव्हा घरात पाऊल ठेवू नकोस. खाडीच्या वाटेने ये. शिवाला सांगून ठेवलं आहे, तो मला तिथे नेऊन ठेवील. झावळ्या मी काढायला लावल्या आहेत. जे सांगायचं ते तिथे माझ्यासमोर उभा राहून सांग. माझी चिंता नको, मला बसायला तू जागा करून ठेवली आहेस.

अजून जिवंत असलेला,
तुझा बाप
परशुराम