रिकामी फ्लॉपी परत देऊ नये

एकोणऐंशीच्या हिवाळ्यातल्या एका दुपारी कडूबाई माझे स्टीलचे ताट परत करायला आली होती. आदल्या दिवशी मी त्यात तिच्यासाठी आणि तिच्या लहानग्या मनकर्णेसाठी धपाटी दिली होती. नामांतराच्या दंगलीत घर जळाल्यावर गाव सोडून त्या मायलेकी परभणीत एका पत्र्याखाली राहत होत्या. तरीही ताटात ओला हरभरा भरून आणला होता. "आक्का, रिकामं ताट द्यायला हात होत न्हाई," ती म्हणाली. ती, तिच्याबरोबर आलेली मनकर्णा आणि मी, आम्ही तिघी ओसरीवर बसून हरभरा सोलत राहिलो. दिनकरराव वकील म्हणाले की असला मजकूर मृत्युपत्रात बसत नाही. मी ठेवला आहे, कारण पुढचे सारे त्या ताटापासूनच सुरू झाले.

मी, उमादेवी गुरुसिद्धप्पा मिटकरी, वय एकोणसाठ, राहणार परभणी, हे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, माझ्यावर कुणाचा दाब नाही आणि हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझे शिक्षण सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये झाले आणि मराठी लिहायला मी लग्नानंतर शिकले, तेव्हा चुका पोटात घालाव्यात. मला मूलबाळ नाही. गेल्या महिन्यात छातीत कळ आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, धक्का बसेल असे काही होऊ देऊ नका. धक्का फेब्रुवारीतच बसून गेला आहे आणि मी अजून त्यातून उठलेले नाही.

माझा देह आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे पुरावा. माझे इष्टलिंग माझ्याबरोबर जावे. जंगमांना जेवण घालावे, पण भाषणे नकोत.

राहते घर मी स्त्रीधनातून घेतलेले आहे. मागच्या दोन खोल्या माझे पुतणे मन्मथअप्पा यांना द्याव्यात. यजमानांचा लाकडी पलंग आणि पितळी तराजूही त्यांचाच. पुढच्या दालनात, जिथे माझा टंकलेखनाचा वर्ग चालतो, तिथे खताचे दुकान टाकायची त्यांची इच्छा मला ठाऊक आहे. ती पूर्ण होणार नाही. माझ्या घरावर धाड पडली तेव्हा पोलिसांनी पंच म्हणून ज्यांना बोलावले त्यांत ते होते, आणि त्यांनी न वाचता सही केली. सही माझ्याच टेबलावरच्या पेनने केली आणि पेन खिशात घातले. ते पेनही त्यांनी ठेवून घ्यावे.

पुढचे दालन, सात टाइपरायटर, बाके आणि वर्गाची पाटी मी मनकर्णेला देते. तिला का, हे लिहिणे भाग आहे, कारण लोक विचारतील.

ती माझ्याकडे टंकलेखन शिकली आणि तिची बोटे माझ्यापेक्षा चांगली निघाली. एक्याण्णव साली मी पाटल्या मोडून संगणक घेतला तेव्हा तो शिकवायलाही तीच उभी राहिली. त्या संगणकाच्या पोटात काही राहत नाही. जे असेल ते फ्लॉपीवर, म्हणजे त्या काळ्या चौकोनी पाकिटातल्या चकतीवर. विद्यार्थी कोरी फ्लॉपी घेऊन येत आणि मनकर्णा ती कोरी परत पाठवत नसे. टंकलेखनाचे धडे, एखादा खेळ, पत्राचे नमुने, जे कपाटात असेल ते ती भरून देई. मी हसून म्हणे, कडूबाईची लेक शोभतेस. आमच्या कुणाच्या मनात चोरी हा शब्द आला नाही.

पण चोरी झाली होती. राणीसावरगावचा नागनाथ हा माझा जुना विद्यार्थी. त्याने माझ्याच संगणकावर बसून दोन उन्हाळे घालवले आणि मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, अडत दुकानांसाठी मराठीत हिशेबपट्टी काढणारा प्रोग्राम लिहिला. हमाली, तोलाई, अडत, सगळे आपोआप. त्याची मूळ फ्लॉपी माझ्या कपाटात, कापराच्या डब्यात असे, कारण गावी ठेवलेल्या प्रतीला पावसाळ्यात बुरशी लागली होती. मोंढ्यातले मुनीम वर्गाला येत, कोऱ्या फ्लॉप्या आणत, आणि भरल्या ताटाबरोबर नागनाथचे कष्टही त्यांच्या घरी जात. तो विकायला गेला तेव्हा पाच-सहा दुकानांत त्याचा प्रोग्राम आधीच चालू होता. एक शेठ त्याला म्हणाले, "अरे, हे तर फुकट मिळतंय, तू कशाला हिंडायलास?" त्याच्या जागी मी असते तर मलाही रडू आले असते.

तो रागात ठाण्यावर गेला. माझ्याकडे आला असता तर बरे झाले असते, पण तोही माझाच विद्यार्थी; त्याला भीड पडली असेल.

यंदा जानेवारीत ज्या नावावरून दंगल झाली ते नाव विद्यापीठाला मिळाले तेव्हा कडूबाईने ताटातून पेढे आणले होते. महिन्याने जीप आली. फौजदार, जमादार, तीन शिपाई. भर दुपारी, पोरी टाइप करत असताना. जमादार मुंजाजी वयस्क माणूस, माझ्याकडे बघवेना त्यांना.

"बाई, माझ्यावर चिडू नका. वरून हुकूम हाय."

त्यांनी संगणक जीपमध्ये चढवला आणि कपाट रिकामे केले. फ्लॉप्यांच्या मधल्या भोकातून सुतळी ओवली, जशी खटल्याच्या कागदांतून ओवतात, आणि गाठीवर लाख तापवून ओतायला घेतली.

मनकर्णा पुढे झाली. "जमादार मामा, लाख नका ओतू. आत चकती फिरती असते, ती चिकटून बसंल."

"पोरी, लाख न्हाई तर पुरावा न्हाई. खुनाच्या कुऱ्हाडीलाबी लावतो आमी."

"कुऱ्हाड फिरत न्हाई, मामा."

शिपाई हसले. लाख ओतली गेली, वरून पितळी शिक्का दाबला गेला. तेवढ्यात कडूबाई आली. ती ओरडली नाही. फौजदारांसमोर उभी राहून तिने विचारले, "साहेब, माझं घर पेटलं तवा ही जीप कुठं व्हती?"

फौजदार तरुण होते, तेव्हा शाळेत असतील. जमादारच म्हणाले, "मावशे, तवा मी दुसऱ्या ठाण्याला व्हतो."

"मंग आमच्या ठाण्याचं कुणी यायचं. तिसऱ्या दिवशी एक शिपाई आला. राखंत काडी घालून बघितली आन् मलाच चहा मागितला. चूल कुठं व्हती, बाबा?"

मनकर्णेला जीपमध्ये बसवले. माझ्या डोळ्यांपुढे ती जीप अजून तशीच उभी आहे. सोळा वर्षांत त्या जळालेल्या घराकडे एकही जीप वळली नाही, आणि चकत्यांसाठी पाच माणसे आली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट दुसऱ्याचे पाहून लिहिणाऱ्या मुलीला उभे करत. पण वर्गात कुणी चक्कर येऊन पडले, तर आधी पाण्याचा तांब्या घेऊन तिकडे धावत. नक्कल करणे पाप नाही, असे मी म्हणत नाही. नागनाथचे जे गेले ते त्याला मिळालेच पाहिजे. पण त्यासाठी मोंढ्यातले दोन वजनदार लोक आणि माझ्यासारखी म्हातारी एका सतरंजीवर बसलो असतो तर संध्याकाळपर्यंत निकाल लागला असता. कायद्याचे हात थोडे आहेत, तर त्यांनी आधी कुणाकडे धावायचे हे ठरवले पाहिजे. हे माझे मत आहे. वकिलांनी खोडायला सांगितले, तरी राहू द्यावे.

मनकर्णा जामिनावर सुटली. तिला नुकतीच मिळालेली शाळेतली नेमणूक पोलिसांच्या दाखल्यासाठी अडकली ती अडकलीच. म्हणून हे दालन तिचे. इथे पोट भरायला तिला कुणाचा दाखला लागणार नाही.

नागनाथने आपली मूळ फ्लॉपी परत मिळावी म्हणून कोर्टात अर्ज केला आणि तो मंजूर झाला. कारकुनाने त्याच्यासमोर सुतळी कापली. भोकातून उतरलेली लाख चकतीवर थिजली होती. त्याच्या दोन उन्हाळ्यांचे काही उरले नव्हते. तो माझ्या पायरीवर येऊन बसला. आत यायला तयार नव्हता.

"बाई, मला वाटलं एखादा शिपाई येईल, दम देईल, संपलं. आता मागं घेतो म्हणलं तर म्हणतेत, फिर्याद सरकारची झाली, तुझी न्हाई राहिली."

मनकर्णा दारात उभी होती. तिने त्याला पाणी दिले. त्याने तांब्या घेतला आणि तिच्याकडे न पाहता निघून गेला. तेव्हापासून तो आलेला नाही.

दुसऱ्या दिवशी ती मोंढ्यात गेली. ज्या दुकानात तिच्याच हातची चोरीची प्रत चालू होती, तिथे मुनिमांच्या पाया पडून तिने त्या प्रतीची प्रत काढली. जगात नागनाथचा प्रोग्राम आता फक्त चोरांकडे शिल्लक होता. जामिनावर असताना, ज्यासाठी ती पकडली गेली तेच काम तिने पुन्हा केले, आणि ते नागनाथसाठीच. दिनकररावांनी हे ऐकून कपाळाला हात लावला. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

आता राहिलेली वाटणी.

कोर्टातून संगणक परत मिळाला तर तो मनकर्णेचा. लाखेने मेलेल्या फ्लॉप्यांची सुतळी मिळाली तर ती मुंजाजी जमादारांना द्यावी. त्यांच्यावर माझा राग नाही, पण त्यांनी ती पाहावी.

माझ्या देव्हाऱ्यात कापराच्या डब्यात एक फ्लॉपी आहे. ती नागनाथची. मनकर्णेने ती स्वतः राणीसावरगावला नेऊन द्यावी, पोस्टाने नाही. तिने घाबरू नये. त्याने दार लावले तर पायरीवर बसावे; तोही माझ्या पायरीवर बसला होता.

ते जुने स्टीलचे ताट मी कडूबाईला देते. पण ते तिच्याकडे सरळ जाऊ नये. फ्लॉपी त्या ताटात ठेवून नागनाथच्या हाती द्यावी. ताट कडूबाईला परत आणून द्यायची जबाबदारी त्याची. कसे आणायचे, हे त्याला सांगायची गरज नाही.

मृत्युपत्राची व्यवस्था दिनकररावांनी पाहावी. वरील मजकूर मी लिहिला, वाचला, तो मला मान्य आहे, आणि पुढील दोघांच्या देखत मी त्यावर सही केली आहे.

उमादेवी गुरुसिद्धप्पा मिटकरी

साक्षीदार: दिनकरराव विश्वंभरराव पेडगावकर, वकील
साक्षीदार: मालनबाई सीताराम शेवाळे, निवृत्त परिचारिका

परभणी, ११ डिसेंबर १९९४