भाताच्या बांधावरची चाल

ती. आईस वाळूजहून रत्नाचा नमस्कार.

आमी हितं बरे आहोत, काळजी करू नको. विंझरला मोबाईलची रेंज लागंना, म्हणून लिहितेय. लावणी कुठवर आली? तुझ्या गुडघ्याची सूज उतरली का?

आशूला जिम्नॅस्टिकच्या क्लासला घातलंय, ते तुला ठाऊक हाय. तिथं हातभर उंचीच्या अरुंद पट्टीवरनं चालायचं असतं. तुझी नात पहिल्याच दिवशी सरळ चालत गेली. सरांनी विचारलं, कुठं शिकलीस? म्हणाली, "आजीच्या भाताच्या बांधावर, न्याहारी नेताना." सर लई हसले.

आता ते म्हणतात, स्पर्धेच्या तुकडीत घालू. मग सकाळ-संध्याकाळ सराव, सुट्टीत गाव न्हाई. सात वर्षांची पोर, आत्ताच ताटावर बसल्या बसल्या झोपते. तिला उचलूनच आत न्यावं लागतं. हे कंपनीतनं येतात आणि म्हणतात, तूच ठरव.

पोरीत गुण हाय, तो मारायचा कसा? आणि हो म्हणायला जीभ रेटत न्हाई.

काल तिलाच विचारलं, तुला आवडतं का गं? म्हणाली, "बांधावरनं चिखलात पडले की आजी हसते. हितं पडलं की मार्क कापतात."

सरांना अजून काही कळवलं न्हाई. शाळा बुडाली तर बुडू दे, लावणी उरकेपर्यंत तिला तुझ्याकडं धाडते. न्याहारी तिच्याच हातनं मागव. पडली तर तेवढं हस, आई.

दमलेली, तुझीच
रत्ना