सरावाचा वर्ग

सोम., २ फेब्रु.
वार्षिक परीक्षेचे पाठ गुरुवारी. आज सराव पाठ, चिकलठाण्याच्या त्याच शाळेत, त्याच सातवीवर. आमच्या बी.एड.च्या मुली तिथं शिकवायला शिकतात, आणि तिथली मुलं पाठ कसा पार पाडायचा ते. एक जण आमच्या मुलीला हळूच म्हणाला, "मॅडम, आता तक्ता लावायचा असतो." सगळे हसले. मीही.

मंगळ., ३ फेब्रु.
आज आमच्या रुबीनाचा सराव पाठ. गंगापूरहून जीपनं येते, तरी सगळ्यांच्या आधी हजर. तिनं धडा स्वतः न वाचता मुलांना उभं केलं. पहिला गप्प. दुसऱ्या बाकावरची कोमल गप्प. तिसऱ्यानं धडाधड म्हणून दाखवलं, पण पुस्तक भलत्याच पानावर उघडं.
बाहेर आल्यावर रुबीना म्हणाली, "मॅडम, ह्यांना वाचताच येईना. लई जणांना. तुम्हाला ठाव व्हतं?"
नव्हतं. चौदा वर्षं मागच्या बाकावर बसून आवाजाला, अक्षराला, तक्त्याला गुण दिले. मुलांकडं बघितलंच नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला मात्र एवढंच म्हणाले, "परवा परीक्षेत पाठाचं टाचण सोडू नकोस."

गुरु., ५ फेब्रु.
रुबीनानं टाचण सोडलंच. तक्ता गुंडाळलेला तसाच. अख्खा तास पाच-सहा मुलांजवळ बसून एकेक अक्षर. कोमल घामाघूम. शेवटी तिनं 'दुकान' वाचलं. खरंच वाचलं. मला भरून आलं.
बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "ह्यात पाठ कुठंय, मॅडम? उद्दिष्टं नाहीत, मूल्यमापन नाही." नापास. मी वाद घालायला तोंड उघडलं आणि कागदावर त्यांच्याइतकेच गुण मांडले. दर जूनमध्ये माझी नेमणुकीची ऑर्डर नव्यानं निघायची असते. बस्स, एवढंच कारण. शी.

शनि., ७ फेब्रु.
प्राचार्यांनी परीक्षकांना गळ घातली. रुबीनाचा पाठ सोमवारी पुन्हा. उपकारच म्हणायचे.
तिला सांगायला गेले. वाटत होतं, भांडेल. भांडावं, माझ्याशीच. तिनं नुसती मान डोलावली.
"आता टाचणाप्रमाणंच घेते मॅडम. कुणाला वाचायला लावत नाय."
"बरं," म्हणाले.

सोम., ९ फेब्रु.
पाठ उत्तम. प्रश्नामागून प्रश्न, तक्ता वेळेवर, सगळे हात वर. परीक्षक खूश. गुणपत्रकावर त्यांची सही झाली, माझी राहिली होती.
तेवढ्यात कोमल पुस्तक उघडून टेबलाशी आली. बोट एका ओळीवर घट्ट धरलेलं.
"मॅडम, आज माझी पाळी आलीच नाय."
रुबीना माझ्याकडं बघत राहिली. परीक्षकांनी पेन पुढं केलं.
सही केली नाही अजून. गुणपत्रक पर्समध्ये आहे, परीक्षकांनी उद्या अकराच्या आत मागितलंय.