जुन्या सर्व्हरवरचं पत्र

२२ एप्रिल, सोमवार

आगाय, कॉलेजातले माझे सर आणि आता इथले खातेप्रमुख, सकाळीच टेबलापाशी येऊन उभे. "शुक्रवारच्या आत जुना मेल-सर्व्हर बंद कर. डिस्क पुसून टाक."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. दोन महिने मी या जलखात्याच्या कचेरीची यूझर डिरेक्टरी नव्या मशीनवर नेतेय. दोनशे अकरा माणसांची नावं, पासवर्ड, कुणाला कोणती फाइल उघडता येते, सगळं. आणि दोन महिने आगायचं एकच पालुपद — घाई नको, मेल-सर्व्हर म्हातारा आहे, त्याला जुनीच डिरेक्टरी कळते, जुनी-नवी दोन्ही शेजारी शेजारी चालू राहू देत. उन्हाळ्यात बघू.

आता एकदम शुक्रवार?

"आणि जुनी पत्रं?"

"मेलच्या नव्या पेट्या कोऱ्याच सुरू होऊ देत."

नऊ वर्षांची पत्रं. कॉलेजात हेच आम्हाला शिकवायचे, आधी नक्कल काढायची, मग मशीनला हात लावायचा. तुरदुबेक आगाय म्हटलं की मुलं आधी नक्कल आठवायची. ही नोकरीही मला त्यांनीच लावली. इथे जलाल-आबादला माझं दुसरं कुणी नव्हतं तेव्हा.

का, म्हणून विचारलं. "विचारू नकोस, पोरी." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

२३ एप्रिल

काहीच केलं नाही. आगाय दोनदा डोकावले. "झालं?" म्हटलं, नक्कल घेतेय. "नक्कल नको म्हणून सांगितलं ना!" — आवाज चढवला. सात वर्षांत पहिल्यांदा. शेजारच्या खोलीतल्यांनी माना वळवल्या.

दुपारी जेवताना टपालातल्या गुलबारा एजे, कचेरीतल्या सगळ्यांची थोरली ताई, म्हणाल्या, गुरुवारी राजधानीतून, बिश्केकहून समिती येतेय. तेरेक-बुलाकच्या चौकशीला. आठ दिवसांपूर्वी, पंधरा तारखेच्या पहाटे, डोंगरावरून चिखलादगडांचा लोंढा त्या गावात उतरला. सात घरं गेली, तीन माणसं गेली. गावाला इशारा कचेरीने द्यायचा, आणि तो गेलाच नाही.

"वरच्या चौकीवरून कुणी कळवलंच नाही म्हणे," एजे नान मोडता मोडता म्हणाल्या. "झोपला असेल चौकीवाला. नावं मात्र आपल्याला ठेवणार."

मला डिस्क आठवली. घास तसाच राहिला.

२४ एप्रिल

मला कचेरीतली कुठलीही पेटी उघडता येते. न विचारता आजवर एकही उघडली नव्हती. आज इशाऱ्यांची पेटी उघडली.

१४ एप्रिल, रविवार, दुपारी १.४०. वरच्या चौकीचा इस्मान:

"पाणी तपकिरी झालंय. दगड गडगडल्याचा आवाज येतोय. वरचं तळं काठोकाठ आहे. तेरेक-बुलाक आजच्या आज रिकामं करा. इथे फोन लागत नाही, पत्राला उत्तर द्या."

उत्तर कुणीच दिलेलं नाही.

रविवारी ही पेटी बघायची पाळी खातेप्रमुखांवर आळीपाळीने येते. चौदा तारखेला आगायची होती. मीही त्या दिवशी खालच्या खोलीत डिरेक्टरीचं काम करत होते. तीन वाजता त्यांना चहा नेऊन दिला. म्हणजे पत्र तेव्हा त्यांच्यासमोर पडलेलं होतं. आणि ते मला विचारत होते, तुझ्या आईचा गुडघा कसा आहे आता. खिशातून चार जर्दाळू काढून माझ्या हातावर ठेवले!

तो गुडघ्याचा प्रश्न मला सर्वांत जास्त लागलाय. एवढ्या शांतपणे विचारलं त्यांनी.

पत्र छापून घेतलं. पिशवीत ठेवलंय. डिस्क मी पुसणार नाही.

२५ एप्रिल, गुरुवार

इस्मान स्वतःच आला. साठीचा असेल. टोपी हातात धरून जिन्यापाशी उभा होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत होता, "माझं पत्र कुणी वाचलं?"

कचेरीच्या मोठ्या साहेबांचा चिटणीस म्हणाला, "पत्र आलंच नाही हो, बाबा. तुमच्याकडून गेलं नसेल."

"गेलं. संध्याकाळपर्यंत उत्तराची वाट बघितली, मग पायी निघालो. पूल वाहून गेला होता, वरच्या खिंडीतून वळसा घालून यावं लागलं. पोचलो तेव्हा उजाडलं होतं. घरं नव्हती." मग अगदी साधेपणाने म्हणाला, "माझी सून होती त्यात."

आगाय आपल्या दारात उभे होते. सगळं ऐकलं. आत गेले आणि दार लावून घेतलं.

त्या लावलेल्या दाराने माझा निर्णय झाला. सरळ समितीच्या खोलीत गेले. कागद टेबलावर ठेवला. डिस्क पुसायला सांगितली होती तेही सांगितलं. कुणी सांगितली, विचारलं. आगायचं नाव घेतलं.

आगायना बोलावलं. त्यांनी चष्मा चढवून तो कागद वाचला. एवढंसं पत्र, पण खूप वेळ वाचत होते.

"हे तुमच्या पाळीत आलं?"

आगायनी माझ्याकडे बघितलं. चार दिवसांत पहिल्यांदा. मग म्हणाले, "हो. पाळी माझी होती. माझ्याकडून राहिलं."

"आणि डिस्क?"

"मीच सांगितलं होतं. या मुलीचा काही संबंध नाही. आणि चौकीवाला खरं बोलतोय, तेही लिहून घ्या."

जिन्यात गाठलं त्यांना. म्हटलं, आगाय, तीन माणसं. "माहीत आहे," म्हणाले. आणि मग, "घरी जा. तू सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही."

असं कसं बोलू शकतात!

२६ एप्रिल

आगाय निलंबित. पोलिसांनी नेऊन जबाब घेतला. गुलबारा एजे पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, बरं केलंस. मला बरं काही वाटलं नाही.

२८ एप्रिल, रविवार

आगायच्या बायकोचा, सबिरा एजेंचा फोन. "तुला मुलीसारखं वागवलं गं त्याने."

म्हटलं, "मुलीसारखं वागवलं म्हणून मलाच पुसायला लावत होते? उद्या विचारलं असतं कुणी, तर हात माझे होते, एजे. त्यांचे नव्हते."

त्या म्हणाल्या, "तो काहीच सांगत नाही. वकील नको म्हणतो. तुझं नाव काढलं की उठून अंगणात जातो." फोन मीच ठेवला.

दिवसभर कपडे धुतले. जे जे त्यांच्याकडून शिकले ते सगळं खोटं वाटतंय. चूक झाली तर लपवू नका, हेही त्यांचंच वाक्य. माणूस असा आतून दुसराच निघतो, आणि आपण सात वर्षं त्याला चहा नेऊन देतो.

३० एप्रिल, मंगळवार

पोलिसांना पत्राची पूर्ण नोंद हवी होती, ते कुठून कसं आलं त्याची. मी छापलं होतं त्यावर फक्त पाठवल्याची वेळ होती. आज सगळी नोंद काढली.

चौकीवरून निघालं, रविवार १.४०. आमच्या मेल-सर्व्हरवर पोचलं, १.४१. पेटीत पडलं, सोमवार सकाळी ९.०७.

रविवारी बारा वाजता जुनी डिरेक्टरी मी बंद केली होती. आगायना न विचारता. तिच्यावाचून चालतंय का बघायला. सोमवारी नऊला प्रिंटर चालेनात म्हणून परत चालू केली. मधले सगळे तास मेल-सर्व्हर ते पत्र हातात धरून बसला होता, कुणाची पेटी कुठली ते त्याला कळत नव्हतं.

आगायनी ही नोंद आधीच बघितली असणार.

पोलीस बाहेर बाकावर बसलाय. कागद घेऊन जाते.